आव्वा आली त्या नाताळातली जेली

डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली आव्वा रिक्षातून उतरली आणि आमच्या दारातल्या पायरीपाशी थांबली. एका हातानं तिनं माझ्या धाकट्या भावाचा, शिवानंदचा, खांदा धरला होता. दुसऱ्या हातात कापडी पिशवी होती. ती तिनं त्याला घेऊ दिली नव्हती.

"किती पायऱ्या हाईत?" तिनं विचारलं.

"दोनच, आव्वा," मी म्हणाले.

तीन वर्षांनी मी माझ्या आईशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

आम्ही गडहिंग्लजचे कोरे. लिंगायत. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मिरचीचा व्यापार. मी मिरजेला शिकायला आले, तिथेच शाळेत नोकरी लागली आणि तिथेच मी रूबेन लोंढेशी लग्न केलं. रूबेन ख्रिस्ती, त्यात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये साधा टेक्निशियन. अण्णांनी आरडाओरडा केला नाही. माझे कपडे आणि कॉलेजची पुस्तकं एका ट्रंकेत भरून एसटीनं पाठवून दिली. आत चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती. त्यानंतर ना कुणाचा फोन, ना कुणाचं येणं.

आणि आता आव्वाच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेत झालं होतं, दुसऱ्यानंही तिला धड दिसत नव्हतं. पुन्हा तपासायचं असल्यानं डॉक्टरांनी नाताळ होईपर्यंत प्रवास करू नका म्हणून सांगितलं होतं. शिवानंद धर्मशाळेत खोली बघायला निघाला तेव्हा आव्वा म्हणाली, "धर्मशाळा नको. महादेवीकडं सोड."

"अण्णांना काय सांगू?" त्यानं विचारलं.

"सांग, डॉक्टर हलू नका म्हणाल्यात."

डॉक्टर तसं म्हणालेच होते. फक्त कुठे हलू नका ते म्हणाले नव्हते.

दारात माझ्या सासूबाई उभ्या होत्या. रेबेका लोंढे. अख्खी मिरज त्यांना लोंढे सिस्टर म्हणायची, मी मम्मी म्हणायचे. तीसएक वर्षं नर्सची नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण बोलण्यातला वॉर्ड काही गेला नव्हता.

"हळू, बाई. मान खाली घालायची नाही. पाऊल चाचपत टाका, घाई नाही."

आव्वानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "तुमी शिस्टर का?"

"होते. आता घरीच असते."

"माझं खानं मी बरोबर आनलंय," आव्वा म्हणाली. "तुमाला तरास नको."

पिशवीत कडक भाकऱ्या होत्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, विभूतीची डबी आणि तिचा तांब्या. मी तिला आतल्या खोलीत पलंगावर बसवलं. शिवानंद संध्याकाळच्या गाडीनं गेला. तो गेल्यावर आव्वा हळू आवाजात म्हणाली, "पानी तू भरत जा. तुझ्याच हातचं दे."

आमचं घर लहान. आतली खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात फक्त पडदा होता. पडद्यापलीकडे मम्मी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला.

तासाभरानं औषध घालायची वेळ झाली. बाटली घेऊन मी पुढे झाले खरी, पण ती पट्टी, तो सुजलेला डोळा बघून माझ्याकडून बाटलीचं बूचही निघेना. मम्मींनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली. हात साबणानं धुतले, पलंगावर आव्वाशेजारी बसल्या आणि तिची हनुवटी दोन बोटांनी वर केली.

"छताकडे बघा. बघितलंत? आता पापणी मिटायची नाही."

आव्वाचं अंग ताठ झालं होतं. थेंब पडला. मम्मींनी कापसानं गालावर आलेलं पाणी टिपलं आणि पट्टी परत नीट बांधली. पुढच्या वेळी मम्मींची चाहूल लागताच तिनं आपणहून मान वर केली.

रात्रीचं जेवण म्हणून तिनं भाकरीचा तुकडा गुळाबरोबर चावला आणि माझ्या हातचं पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मम्मींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. नाताळ परवावर आला होता. करंज्या झाल्या होत्या, चिवडा झाला होता, केकचा डबा बेकरीतून भाजून आला होता. राहिली होती ती जेली. लोंढ्यांकडची जेली म्हणजे आमच्या वस्तीतला एक कौतुकाचा विषय होता. मम्मींकडे कमळासारख्या पाकळ्यांचा एक मोठा ॲल्युमिनियमचा साचा होता. नाताळच्या दुपारी तो ताटात उपडा केला की तीन रंगांची जेली थरथरत उभी राहायची आणि पोरं टाळ्या पिटायची. आमच्याकडे फ्रीज नव्हता. जेली शेजारच्या डॉक्टरांच्या फ्रीजमध्ये रात्रभर राहायची आणि रूबेन ती सकाळी लेकराला आणावं तशी उचलून आणायचा.

"तुझी आई काय काय खात नाही, ते नीट सांग," मम्मी म्हणाल्या.

"मटण, मासे, अंडं. केक नाही चालणार."

"आणि जेलीही नाही."

"जेलीत काय असतं? साखर, फळं."

मम्मींनी माझ्याकडे बघितलं. "जिलेटिन असतं. ते जनावराच्या हाडांपासून करतात. कॅप्सूलचं कवच असतं ना, तेच."

मी ओट्याला टेकले. लग्नानंतरही मी मांसाहार सुरू केला नव्हता. कुणी कर म्हणालं नव्हतं, मटणाची भांडी मम्मींनी माझ्या नजरेआड ठेवली होती. "म्हणजे मी तीन नाताळ…"

"तू नाही खाल्लंस. तुझी वाटी वेगळी होती."

खरंच, दर नाताळला मम्मी मला एक काचेची वाटी देत. मला वाटायचं, नव्या सुनेचं कौतुक.

"तुझ्या वाटीत चायना ग्रास असायचं. समुद्रातल्या शेवाळाचं करतात. त्यात वाईट काही नाही."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगून काय करायचं होतं? तू आनंदानं खात होतीस."

मी म्हणाले, "मग आव्वालाही तशीच वाटी करू."

"नाही." त्यांनी ओट्याखालून साचा काढला आणि फडक्यानं पुसायला लागल्या. "तू घरातली आहेस, तुला वाटी वेगळी दिली तर कुणाच्या लक्षात येत नाही. ती पाहुणी आहे. चार माणसांत तिच्या हातात वेगळी वाटी दिली, की ती वेगळी पडली. यंदा सगळ्यांनी एकच खायचं. अख्खा साचा चायना ग्रासचा."

"जमेल?"

"न जमायला काय झालं?"

पण जमलं नाही. चायना ग्रासच्या पांढऱ्या पट्ट्या त्यांनी कात्रीनं कापल्या, भिजवल्या, पाण्यात उकळून गाळल्या. लाल थर गुलाबाच्या सरबताचा, मधला दुधाचा, तिसरा वाळ्याच्या सरबताचा हिरवा. प्रत्येक थर पक्का जमल्यावर त्यावर पुढचा ओतला. फ्रीजची गरजच नव्हती, डिसेंबरच्या गारव्यात ते आपोआप घट्ट होत होतं. दुपारी साचा उपडा केला. हिरवा थर ताटात बसला, पांढरा त्याच्यावरून घसरून कडेला गेला आणि लाल ओट्यावरून सरळ मोरीपर्यंत पोचला.

मी हसले असते, पण मम्मी स्टुलावर बसल्या आणि त्यांनी चष्मा काढला. तेव्हा मला त्या पहिल्यांदा म्हाताऱ्या वाटल्या.

"एवढं काय, मम्मी. एकाच रंगाची करू."

"एका रंगाची कुठेही मिळते."

तेवढ्यात पडद्यामागून आव्वाचा आवाज आला. "महादेवी, नुस्तं बसून माझं अंग आंबलं. कायतरी काम दे की."

डोळ्याला त्रास होईल असं काही द्यायचं नव्हतं. मी मम्मींकडे बघितलं. त्यांनी टोपलीतून डाळिंबं उचलली, परातीत ठेवली आणि स्वतःच घेऊन आत गेल्या.

"डाळिंबं सोलायची आहेत. बघावं लागत नाही, हातानंच होतं. मान मात्र खाली नको."

"म्हाईत हाय," आव्वा म्हणाली.

तिनं भिंतीला पाठ टेकून, मान सरळ ठेवून, परात मांडीवर घेतली आणि बोटांनी चाचपत दाणे सुटे करायला लागली. पांढऱ्या पापुद्र्याचा एक तुकडा दाण्यांत जाऊ दिला नाही. आमच्या घरात येऊन तिनं पाण्याच्या भांड्याशिवाय ज्याला हात लावला अशी ती पहिली वस्तू. मम्मींनी परातीतले दोन दाणे उचलून पाहिले. मग म्हणाल्या, "छान होतंय," आणि निघून आल्या.

मोडलेली जेली आम्ही आणि शेजारच्या पोरांनी खाऊन संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मम्मी पातेलं ढवळत होत्या.

"काय चुकलं ते मला कळलं," त्या म्हणाल्या. "जखमेच्या कडा सुकल्या की त्या एकमेकींना धरत नाहीत. ओल्या असतानाच जोडाव्या लागतात. आणि सुकल्याच असतील, तर आधी जरा खरवडून ताज्या करायच्या."

त्यांनी लाल थर साच्यात ओतला, त्यात आव्वानं सोललेले डाळिंबाचे दाणे टाकले. वरची साय धरते न धरते तोच काट्याच्या टोकानं ती हलकेच ओरखडली आणि दुधाचं गरम मिश्रण पळीनं, थेंबाथेंबानं सोडलं. मग हिरवा थर, त्यात संत्र्याच्या फोडी. ते करताना त्यांनी श्वाससुद्धा धरून ठेवला होता. साचा पाण्याच्या परातीत ठेवला आणि वर जाळी झाकली. "आता उद्या दुपारपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही."

नाताळच्या सकाळी आम्ही चर्चला जायला निघालो. आव्वानं आंघोळ करून कपाळाला विभूती लावली होती आणि तिला पूजेला बसायचं होतं. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ती तोंडात काही घालत नसे. जायच्या आधी मम्मींनी आतल्या खोलीतल्या खुर्च्या बाहेर काढल्या, फरशी ओल्या फडक्यानं पुसली आणि तिच्यासाठी धुतलेली चादर घडी करून अंथरली.

"बाहेरचं दार ओढून घेते," त्या म्हणाल्या. "तुमची पूजा होऊ द्या. आम्ही आमची करून येतो."

आव्वानं मान हलवली.

आम्ही परत आलो तेव्हा सोबत पाचसहा घरची माणसं होती. रूबेनची मेरीआत्या सांगलीहून आली होती. मी आव्वाला हाताला धरून बाहेर आणलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. सगळ्यांनी तिला नमस्कार केला. कपाळाची विभूती बघून कुणी काही विचारलं नाही, पण बोलणी जरा जपून व्हायला लागली होती.

रूबेननं ताटासकट साचा आणला. मम्मींनी कडेनं सुरी फिरवली, साचा उपडा केला आणि तळावर दोनदा थोपटलं. साचा अलगद वर आला. कमळ उभं होतं. वर लाल, मधे पांढरं, खाली हिरवं, आणि लाल पाकळ्यांतून डाळिंबाचे दाणे दिसत होते.

"रेबेका, यंदा जेली हलत का नाही गं?" मेरीआत्यानं विचारलं.

"थंडी आहे ना," मम्मी म्हणाल्या. "तीही गारठलीय."

सगळे हसले. पोरांना आधी वाटून झालं. मग मम्मींनी बशीत एक पाकळी काढली आणि आव्वाच्या हातात दिली. इतरांना दिली तशीच बशी, तसाच चमचा.

आव्वानं बशी मांडीवर ठेवली. चमचा उचलला नाही.

"शिस्टर," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेला. "यात काय काय घातलंय?"

मेरीआत्यानं आपली बशी खाली ठेवली. "घरात सगळेच खातायत, बाई. काही वावगं नाही घातलेलं." तिच्या शब्दांतली धार लपली नाही. रूबेन माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, हे सगळं इथेच संपलं. मम्मींच्या घरात, त्यांच्या सणाला, त्यांच्या माणसांसमोर माझ्या आईनं त्यांचा अपमान केला.

मम्मींनी हात पदराला पुसले, स्टूल ओढलं आणि आव्वासमोर बसल्या.

"चायना ग्रास," त्या म्हणाल्या. "समुद्रातल्या शेवाळाचं असतं. दूध. साखर. गुलाबाचं सरबत, वाळ्याचं सरबत. वेलदोडा. संत्री. आणि डाळिंब."

"डाळिंब मीच सोललंय."

"तुम्हीच."

"अंडं?"

"नाही."

"आनि ते हाडाचं कायतरी असतंय, ते?"

मी दचकले. मम्मींनी स्टूल जरा पुढे घेतलं. मग म्हणाल्या, "ते दर वर्षी असतं. यंदा नाही."

"म्हाईत हाय मला," आव्वा म्हणाली. "माझा डोळा बांधलाय, कान न्हाईत. पडद्याच्या पलीकडचं समदं ऐकलं. पयली मोडली तेबी ऐकलं." तिनं बशी दोन्ही हातांनी धरली. "पन मला हे चार मानसांत, तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं. गावात गेल्यावर विचारतील, विहिणीकडं काय खाल्लंस. पयलं मालकच विचारतील. तवा मला एकेक नाव घिऊन सांगता यायला पायजे. गुपचूप खाल्लं आनि तोंड पुसलं, असं नको."

विहीण. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि माझ्या माहेरचं कुणीतरी हा शब्द पहिल्यांदाच उच्चारत होतं. मम्मींनी खाली मान घातली. नंतर चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या, तरी तो काही लवकर स्वच्छ होईना.

आव्वानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला, तो हात कपाळाला टेकवला आणि चमचा उचलला. पहिला घास तिनं बराच वेळ तोंडात ठेवला.

"जरा ग्वाड झालंय," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी साखर कमी घालू, विहीणबाई," मम्मी म्हणाल्या.

मेरीआत्यानं आपली बशी परत उचलली आणि खुर्ची ओढत आव्वाजवळ आणली. थोड्याच वेळात ती आव्वाला आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगत होती.

त्या संध्याकाळी आव्वानं पाणी मागितलं तेव्हा मी शाळेच्या वह्या तपासत होते. मी उठले, तर ती म्हणाली, "तू बस. विहीणबाई हाईत की तिथं."

शिवानंद तिला न्यायला आला तेव्हा मम्मींनी स्टीलच्या डब्यात उरलेली जेली भरली. ही एसटीत वितळत नाही, असं त्याला दोनदा सांगितलं. पुढचं मला त्यानंच नंतर सांगितलं. आव्वानं डबा मिरचीच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत अण्णांपुढे ठेवला आणि काय काय घातलंय ते एकेक करून सांगितलं. डाळिंबापाशी थांबून म्हणाली, "हे मी सोललंय." अण्णांनी डब्याला हात लावला नाही. पण काही बोललेही नाहीत, आणि त्या घरात अण्णांनी काही न बोलणं ही छोटी गोष्ट नव्हती.

त्यानंतर आव्वा दर नाताळला यायची. पट्टी सुटली होती, नवा चष्मा आला होता. मम्मी साखर हात राखून घालायच्या आणि ती तरीही ग्वाड म्हणायची. आमच्या घरात जिलेटिन परत आलं नाही. मेरीआत्यासुद्धा जेली हलत नाही म्हणायची बंद झाली.

मम्मी गेल्या, मग आव्वा गेली. आज मी स्वतः सासू आहे. एखाद्याचं पथ्य सांभाळावं आणि ते सांभाळलं हेसुद्धा त्याला कळू देऊ नये, हे मी माझ्या आईकडून नाही, मम्मींकडून शिकले. आणि दुसऱ्यानं सांभाळलेलं चारचौघांत मोठ्यानं मान्य करावं, हे मम्मींकडून नाही, आव्वाकडून. दोघी मला एकाच खोलीत मिळाल्या, याचे आभार मानायला मला अजूनही पुरेसे शब्द सापडलेले नाहीत.

अण्णा आले ते आव्वाच्या त्या पहिल्या नाताळानंतर काही वर्षांनी, मम्मी आणि आव्वा दोघी असताना. आव्वाला घ्यायला आलोय, असं दारातूनच म्हणाले. चपला काढल्या, पण आत येईनात. रूबेननं खुर्ची व्हरांड्यातच आणून दिली. ते छत्री मांडीवर आडवी धरून बसले. नाताळची दुपार होती, घर माणसांनी भरलेलं होतं.

मम्मी बशी घेऊन बाहेर गेल्या. मी दाराआड उभी होते. आव्वा माझ्याशेजारी.

अण्णांनी बशीकडे बघितलं, मग मम्मींकडे. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी छत्री भिंतीला टेकवली, चमचा उचलला आणि खायला सुरुवात केली. सावकाश, एक दाणाही न टाकता, बशी रिकामी केली.

"आणखी थोडी देऊ का?" मम्मींनी विचारलं.

अण्णांनी बशी पुढे केली.